गळ्यातली गिरजा

माझं माहेर लातूरजवळच्या मुरुडकडचं, बाप किराण्याच्या दुकानात तराजू धरायचा, दुकान दुसऱ्याचं, तराजू बी दुसऱ्याचा, आमचे फकस्त हात. आमी पाच बहिनी आन् मी मधली, मधल्या पोरीकडं कोनाचं लक्ष नसतंय बघ, म्हनून मी लई बडबडी झाले, अजून बी हाय, तू लिहून दमशील. दमलीस की सांग, मी काय थांबनार न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात मी चौदाची असंल, खरं वय कोनाला मालूम, तवा दुकानात इकायलाच काय न्हवतं, मंग बाप घरी बसला आन् आई आन् आमी पोरी खडी फोडायला गेलो रस्त्याच्या कामावर. ऊन असं की दगड हातात धरवत न्हवता, हे बघ अंगठ्याचं नख, तवाचं गेलेलं, पुन्हा नीट आलंच न्हाई. दुपारी सुकडी मिळायची, सरकारची, गोड पिठासारखी, पदरात घेऊन खायची, कोन कोनाच्या शेजारी बसलंय, कोनाचा हात लागलाय, काय बघायचं न्हाई. मला तर लई आवडायची. हे सुकडीचं ध्यानात ठेव, पुढं येनार हाय.

दोन वर्षांनी माझं लगीन लावलं, औश्याकडच्या गावात. बिजवराला दिली. बिजवर म्हनजे पैली बायको मेलेला. आई म्हनली घर चांगलं हाय, मळा हाय, हिरीला पानी हाय, वय जास्त न्हाई त्याचं, आन् काय पायजे. बरोबर बी व्हतं, मालक चांगलेच व्हते माझे, कधी हात उगारला न्हाई, लिंगायताचं घर, सकाळी आंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा करायचे, कपाळाला इभूत लावायचे, आन् दिवसभर मळ्यात. बोलायचे कमी. त्या घरात सगळेच कमी बोलायचे, मीच एकटी अशी.

तर लगीन लागलं आन् सासूनं माझ्या गळ्यात मनी बांधले, त्या मन्यांच्या मधी एक चांदीचा टाक ओवलेला व्हता, एवढासा, बोटाच्या पेरायेवढा, त्याच्यावर बाईचं रूप काढलेलं. तुला मालूम नसंल, तुमच्या वक्ताला ऱ्हायलं न्हाई. दुसरी बायको केली की तिच्या गळ्यात मेलेलीचा टाक घालायचा, सवतीचा. म्हनजे ती रागवत न्हाई, घरात शांत ऱ्हाती. नवी साडी नेसायची तर आधी टाकाला लावायची, गोडधोड केलं तर पैला घास टाकाला दाखवायचा, मंग आपल्या तोंडात. माझ्या सवतीचं नाव गिरजा. मी सोळाची आन् गळ्यात तिघं, मनी, लिंग आन् गिरजा. झोपताना कुशीवर वळलं की ती टोचायची गळ्याला. मी म्हनायचे सरक गं बाई जरा, मला बी झोपू दे. तिच्याशी बी बोलायचे, मला कोनी तरी लागतंच बोलायला.

आन् आता अक्काचं सांगते. अक्का म्हनजे माझी थोरली जाऊ, महादेवी. ही महादेवी आन् गिरजा सख्ख्या बहिनी. दोघी बहिनी दोघा भावांना दिलेल्या, माहेर त्यांचं भालकीकडं, कानडी मुलूख. आमच्या गावात कानडी कोनाला येत न्हवती, घरात बी न्हाई, ह्या दोघी आपसात बोलायच्या म्हनं, चुलीपाशी बसून, आन् सासू वरडायची काय कुजबुज करायलाव गं, मराठीत बोला. गिरजा गेली आन् घरात कानडी बोलायला अक्काला कोनी उरलं न्हाई. हे मला आता कळतंय. तवा मला एवढंच दिसायचं की ही बाई माझ्याशी बोलत न्हाई.

काय सांगू तुला, भांडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, झिंज्या उपटल्या असत्या, मी बी दोन दिल्या असत्या. पन काहीच न्हाई. भाकर थापून ताटात वाढायची, माझ्या ताटात सगळ्यात गरम भाकर, वर लोनी, पन जबान बंद. आन् माझ्या तोंडाकडं बघायचीच न्हाई. बघायची ती इथं, गळ्याकडं. मी समोर बसले की तिची नजर येऊन टाकावर बसायची, माशी बसल्यासारखी. मी काय इचारलं, अक्का मीठ कुठं हाय, तर टाकाकडं बघून म्हनायची, फळीवर. माझं नाव शिवकांता, पन अकरा वर्षं तिनं ते एकदा बी घेतलं न्हाई.

अजून एक गोष्ट व्हती तिची. सवाष्ण बाई, पन दोन्ही हातात एक-एकच बांगडी, हिरवी, काचेची. कासारीन गावात आली की सगळ्या बाया पारावर गोळा व्हायच्या, हसनं-खिदळनं, हे भर ते भर, आन् ही आपली घरात जाऊन दार लोटून बसायची. सासू बोलायची, अगं सवाष्ण हायस, हात भर, मानसं काय म्हनतील. ही उत्तरच द्यायची न्हाई. मला वाटायचं गर्व.

आन् पान्याचं. लगीन होऊन आले, दुसऱ्याच दिवशी सकाळी मी घागर उचलली, म्हनलं नवी सून हाय, पानी भरावं. तर अक्का आतून आली, असा झटका देऊन घागर घेतली हातातली, आन् एक शब्द न बोलता हिरीवर निघून गेली. मला वाटलं आज नवी हाय म्हनून. दुसऱ्या दिवशी बी तेच. तिसऱ्या दिवशी मी लवकर उठले तर घागर जाग्यावर न्हाई, तिनं तिच्या उशाशी ठेवलेली. मळ्याची हीर व्हती ती, मोठी, आत उतरायला दगडी पायऱ्या, गिरजा त्याच हिरीत गेली व्हती, दुष्काळात पानी खाली गेलं, बाया उतरून वाटीनं पानी भरायच्या, तिचा पाय घसरला. हे साऱ्या गावाला मालूम, मला बी लग्नाआधीच सांगितलं व्हतं, लपवलं न्हाई. पन मंग त्याच हिरीवर अर्धा गाव पानी भरतोय, अक्का सोता भरती, तर मलाच का न्हाई?

गावातल्या बाया गप बसतात व्हय? म्हनायच्या, काय गं, राणीसाहेब, घागर जड व्हती का? एक म्हनली, अगं त्या सोवळ्यातल्या बाया, हिनं सुकडी खाल्लेली हाय रस्त्यावर बसून, सतरा हाताची, हिच्या हातचं पानी कसं चालंल तिला. झालं. माझ्या डोक्यात ते बसलं. मला सुकडीच दिसायला लागली. आमी उपाशी व्हतो म्हनून खाल्ली, आन् ही बाई त्याच्यासाठी मला पान्याला शिवू देत न्हाई. मी मालकाला सांगितलं. मालक म्हनले, तिला करू दे, तुझा काय भार कमी व्हतोय तर बरंच हाय की. बापे असेच.

मंग मला दिवस गेले. पाचवा महिना लागला आन् ही वेगळीच गोष्ट सुरू झाली. दुपारी जेवून मी जरा पडायचे, उन्हाळा, सगळे मळ्यात, घरात आमी दोघीच. एक दिवस मला जाग आली तर गळ्यापाशी काहीतरी. मी डोळे उघडलेच न्हाईत, पापणीच्या फटीतून बघितलं. अक्का. माझ्या उशाशी बसलेली, वाकलेली, आन् दोन बोटांत तो टाक धरलेला, आन् ओठ हलायलेत. काहीतरी पुटपुटायली. कानडीत. तेच तेच. नीरिगे होगब्याड तंगी, नीरिगे होगब्याड तंगी. बघ, मला अजून तोंडपाठ हाय, तवा एका अक्षराचा अर्थ मालूम न्हवता. तिचा श्वास माझ्या गळ्यावर यायचा. मी मेल्यासारखी पडून ऱ्हायले. पोटातलं लेकरू बी गप. मंग ती उठली, टाक हळूच पुन्हा ठेवला माझ्या गळ्यावर, जसं कोनाला निजवतात तसा, आन् निघून गेली.

रोज. रोज दुपारी. मी झोपायचं सोंग करायचे आन् ती यायची. सांगावं कोनाला? सासूला सांगावं तर तिचीच लाडकी सून. मालकाला सांगावं तर म्हनतील सपान पडलं. मी आपली मोजायचे, आज किती वेळा म्हनली. आन् ते लेकरू, पोरगा व्हता, झाला, आन् सातव्या दिवशी गेला.

थांब जरा. पानी दे.

हां. तर मला पक्कं झालं. करणी. बाई करणी करायली माझ्यावर, तिच्या बहिनीच्या जागी मी आले, म्हनून माझं लेकरू खाल्लं. त्याच्यानंतर पाच-सहा वर्षं मला काय राहिलं न्हाई. त्या सगळ्या वर्षांत ती दुपारची यायची बी बंद झाली. मी म्हनायचे, आता कशाला येईल, काम झालं की तिचं. सासू वारली. घरात आमी चौघंच. अक्काच्या दोन पोरी लग्न होऊन गेल्या व्हत्या. चौघांच्या घरात किती शांतता असती, तुला न्हाई कळनार, चूल धडधडली तरी दचकायला व्हायचं.

आन् मंग पुन्हा दिवस गेले. कोनाला सांगितलं न्हाई मी, पदर सैल घेतला, पन पाचव्या महिन्यात पोट कसं लपनार. आन् एक दिवस दुपारी मी पडले, आन् पायाचा आवाज आला. तीच चाल. आली, बसली, टाक धरला. नीरिगे होगब्याड तंगी. ह्या वेळंला माझ्या गळ्यावर काहीतरी गरम पडलं, थेंब. मला वाटलं तेल टाकलं, मंतरलेलं.

तवाच नवा जिल्हा झाला आमचा, लातूर. आधी आमी उस्मानाबादचे. गावात नुसता गोंधळ, पेढे काय, गुलाल काय, आता कागदासाठी लांब जायचं न्हाई म्हनून म्हातारे नाचायलेत, आन् सगळे ट्रकात बसून लातूरला निघाले बघायला. मालक गेले, अक्काचे मालक, आमचे भाऊजी, ते बी गेले. अक्का तिच्या लेकीकडं निलंग्याला गेली व्हती, सांजंला येनार. एवढ्या वर्षांत पैल्यांदा मी घरात एकटी. मी मन्यांची गाठ सोडली, टाक काढला, मनी पुन्हा ओवून बांधले, आन् गेले हिरीवर. पानी चांगलं व्हतं त्या साली, हिरवंगार. मी म्हनलं गिरजा, तुझं तुझ्या जागी जा, माझं लेकरू मला ठेव. आन् टाकला. एवढासा टाक, आवाज बी न्हाई झाला.

सांजंला अक्का आली. मी चुलीपुढं. ती नेमानं माझ्या गळ्याकडं बघायला आली आन् नजरेला बसायला जागाच न्हाई. नुसते काळे मनी. एवढंच म्हनली, कुठं? मी म्हनलं, हिरीत, दोरा तुटला, वाकले तर पडला. ती जिथं व्हती तिथं खाली बसली, उंबऱ्यावर, पायातली चप्पल बी काढली न्हाई. मालक आल्यावर म्हनले, औश्याच्या सोनाराकडं नवा करू. आज करू, उद्या करू, राहून गेलं.

त्याच्यानंतर ती गळ्याकडं बी बघंना झाली. माझी लेक झाली, चांगली टनटनीत, आज बघ तिला नातू व्हायची वेळ आली. अक्का तिला लई जीव लावायची, कडेवरून खाली ठेवायची न्हाई, लेक तिला मोठी आई म्हनायची. पन माझ्याकडं आता काहीच न्हाई, भिंतीकडं बघावं तसं. आन् मला तर वाटायचं की जिंकले. लेक जगली ना. म्हनजे मी बरोबर व्हते. अशी तीन वर्षं काढली मी, मनात म्हनायचे, बघ अक्का, तुझी करणी मी हिरीत बुडवली.

मंग पाऊस गेला. बहात्तरसारखा न्हाई, पन गेला. हीर आटत आटत तळाला आली, नुसता गाळ ऱ्हायला. एक दिवस दुपारी मी ज्वारी निवडायले, आन् लेक पळत आली, तीन वर्षांची, म्हनती आई, मोठी आई हिरीत गेली. माझ्या हातातलं सूप पडलं. जीव दिला, मला वाटलं. अनवाणी पळाले मी, काटे, ढेकळं, काय दिसंना.

कठड्यावरून खाली बघितलं तर अक्का. जिती. गुडघाभर चिखलात उभी, लुगडं खोचलेलं, आन् हातात घरची पिठाची चाळण. त्या चाळणीत चिखल घ्यायची, हातानं फिरवायची, बघायची, टाकायची. पुन्हा घ्यायची. किती वेळची करायली कोन जाने, एका बाजूचा सगळा गाळ उकरलेला. म्हातारी न्हवती तवा, पन पन्नाशीची तर असंल.

मी म्हनलं अक्का, वर या. ऐकलंच न्हाई. मंग मी पायरीवर पाय ठेवला. पैली पायरी, दुसरी. आन् तिनं वर बघितलं, आन् जी किंचाळली, नीरिगे होगब्याड! होगब्याड तंगी! दोन्ही हात वर केलेले, असे, कोन पडायलंय आन् झेलायचंय तसे, चाळण चिखलात पडली, आन् ती रडायली, तोंड उघडं टाकून, लहान लेकरासारखी. तेच शब्द. माझ्या लेकराला खाल्लं म्हनून मी जे धरून बसले व्हते, तेच. आन् मला कानडी येत न्हाई, कोनी सांगितलं न्हाई, पन तिचे हात बघून कळलं. जाऊ नको म्हनायली. पान्याला जाऊ नको.

मी गेलेच खाली. दगड खरबरीत व्हते, कोरडे, काय घसरले न्हाईत. तिनं मला दोन्ही हातांनी धरलं, असं धरलं की दंडावर बोटं उठली. आन् मंग तिथं चिखलात उभं राहून ती बोलली. अकरा वर्षांचं एका दमात. म्हनली, त्या दिवशी माझा नंबर व्हता. पान्याचा नंबर माझा व्हता. कासारीन आली व्हती गावात, दुष्काळात कोन बांगड्या भरतंय म्हनून स्वस्तात भरायली, मी म्हनलं गिरजे, तू जा, मी हात भरून येते. गिरजाला चौथा महिना सरून पाचवा लागला व्हता. फकस्त मला सांगितलं व्हतं तिनं. मला मालूम व्हतं आन् मी धाडली. कासारीन माझ्या हातात सहावी बांगडी चढवायली आन् तिकडून बोंब आली.

मला बोलायला येत न्हाई असं आयुष्यात तेवढंच एकदा झालं. मंग मी म्हनलं, अक्का, दोरा तुटला न्हाई, मी टाकला. मला वाटलं तुमी करणी करायलाव. ती म्हनली, मला मालूम हाय. दोरा तुटला असता तर मनी बी सांडले असते, तुझ्या मन्यांची गाठ नवी व्हती. त्याच सांजंला बघितली मी.

तीन वर्षं तिला मालूम व्हतं. आन् तीन वर्षं माझी लेक कडेवर घेऊन फिरायची.

आमी दोघींनी मिळून चाळला मंग, दिवस कलंपर्यंत. लेक वर कठड्याला धरून, भाऊजी आले, मालक आले. खापराचे तुकडे निघाले, एक कुलूप निघालं, कोनाच्या तरी बांगडीची काच. टाक काय निघाला न्हाई. अक्का म्हनली, न्हाई इथं ती. मी म्हनलं, अक्का, नवा करू, उद्याच औश्याला जाऊ, मी घालते, जन्मभर घालते. तिनं माझ्या गळ्यावर हात ठेवला, चिखलाचा, गार, आन् म्हनली, नको. राहू दे मोकळा. आन् मंग तिचा हात वर सरकला, हनुवटीवर, आन् तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. नीट बघितलं. म्हनली, तुला गोंदन हाय व्हय गं, इथं? तीन ठिपके?

लहानपनी मुरुडच्या बाजारात गोंदलेलं. अकरा वर्षं मी तिच्या समोर बसून जेवायले.

आता पुढचं काय, पुढचं सगळ्यांचं असतंय तसंच. मालक आन् भाऊजी गेले दोघं बी. मळा इकला न्हाई, वाट्यानं दिलाय, आमी दोघी आता इथं औश्यात, लेकीच्या घराशेजारी, दोन खोल्यांत. अक्का नव्वदीला टेकली. त्या दिवसानंतर ती काय लई बोलकी झाली असं समजू नको, स्वभाव कुठं जातोय, पन शिवकांते म्हनायची. भांडायची बी, मीठ जास्त झालं, आवाज जास्त झाला. बांगड्या मात्र कधी भरल्या न्हाईत. मी बी म्हनलं न्हाई कधी.

आन् आता दोन वर्षं झाली, तिला काय ध्यानात राहत न्हाई. मला इचारती, तू कोन? नळाला पानी येतं आठ-दहा दिवसांनी, आलं की धावपळ, आन् मी घागर उचलली, नुसता भांड्याचा आवाज झाला, की आतून म्हनती, नीरिगे होगब्याड तंगी. मी आता शिकले तिच्याकडूनच, तंगी म्हनजे धाकटी बहीन, मी म्हनते, होगंगिल्ला अक्का, न्हाई जात. आन् जाते. नळ हळू सोडते, घागरीत फडकं घालते खाली, आवाज येऊ नाही म्हनून. पन मला खरं सांगू का, ती कोनाला म्हनती ते मला मालूम न्हाई. कधी जवळ बोलावती आन् तोंडावरून हात फिरवती, दिसत न्हाई आता नीट. बोटं गळ्यावर गेली, तिथं काहीतरी शोधायला लागली, की समजायचं गिरजाला बोलावलंय. मी गप बसते, गिरजा होऊन. बोटं हनुवटीवर आली, ठिपके मोजले, एक दोन तीन, की माझ्यासाठी हाय.

आज सकाळी गळ्यावरच गेली. काल बी. पन परवा मोजले, तिन्ही मोजले.

चल, पुरे आता. तू चांगली लेक हायस, एवढं ऐकलंस, तुझे हात भरलेले राहूत. आन् जरा हळू बोल, बघ, नळाला पानी आलं वाटतं, तिला ऐकू जाईल.